उरलेल्या जागांची फेरी

फॉर्म अर्धा भरून ठेवलाय.
नाव : खवणेकर दर्शना पांडुरंग.
पत्ता : बर्फाच्या फॅक्टरीमागे, सर्जेकोट.
पदवी : बी.एस्सी., प्राणिशास्त्र.
अभ्यासक्रम : एम.ए., समुपदेशन. ऑनलाइन, दोन वर्षं.
शेवटची तारीख आज,
आणि रेंज फक्त जेटीच्या टोकाला.

काउन्सेलिंग हा शब्द मला नवा नाही.
नीटचा निकाल लागला की त्याच्याच फेऱ्या सुरू होतात :
पहिली, दुसरी, तिसरी, मग उरलेल्या जागांची.
तीन वर्षं मी प्रत्येक फेरीत बसून होते
आणि एकाही फेरीत कुणी विचारलं नाही,
बाई, तू जेवलीस का.

चारशे बारा. चारशे पंचावन्न. चारशे एक्क्याऐंशी.
जीवशास्त्र मला घरात घेतं,
फिजिक्स उंबऱ्यावरून परत पाठवतं.

आई सोलं वाळत घालता घालता मोजते,
"दोन वर्सां ह्या. मगे परत ती परीक्षा. मगे साडेपाच."
बोटं संपली तशी ती सोलांवर आली.
तेहतिसावं सोल हातात धरून
जरा वेळ बघत राहिली,
मग परत पाटीत टाकलं.

बाबा जाळं अंगठ्यात धरून विणत होते.
वाटलं, आता समुद्राचं काही सांगतील,
धीराचं, भरतीचं.
त्यांनी विचारलं, "ह्येच्यात प्रॅक्टिकल आसता काय?"
असतं. दोनशे तास.
"मेल्या माणसार की जित्या?"
जित्या.
"मगे कठीण आसा," म्हणाले,
आणि गाठ मारली.

आरोग्य केंद्रात मी केसपेपर काढते.
मार्चात रेवंडीच्या सुलभाताई आल्या, छातीत धडधड.
ईसीजी सरळ. डॉक्टर म्हणाले, काही नाही.
त्या माझ्या खिडकीशी परत आल्या,
"काय नाय, तर ह्यो कागद कित्याक?"
मी स्टूल पुढे सरकवलं.
त्यांची होडी विकली गेली होती.
नवा मालक रोज पहाटे चारला इंजिन चालू करतो
आणि अंथरुणात यांचं काळीज सुरू होतं.
चाळीस मिनिटं. रांग ओरडत होती.
रांगेतल्या एकाला खरोखरच ताप होता, एकशे तीन.

हे सगळं मी 'आपला हेतू, तीनशे शब्दांत' मध्ये लिहिलं.
मग एप्रिल आठवला आणि खोडलं.

एप्रिलात गावकरांचा मंथन, वय अकरा,
पोटरीत पाकटाचा काटा.
डॉक्टर मिटिंगला ओरोसला.
सिस्टर गरम पाण्यासाठी धावल्या
आणि मी त्याचा हात धरून बोलत राहिले,
चांगलं बोलत राहिले,
आणि तो ओरडत राहिला.
त्याला माझा आवाज नको होता.
काटा कुठे मोडलाय हे ज्याला ठाऊक आहे
असं कुणीतरी हवं होतं.

फरझाना रत्नागिरीहून सांगते, घे ती पदवी,
पुढे डॉक्टर झालीस की कामालाच येईल.
पण नीटच्या कागदावर हेतूचा रकाना नसतो.
चार गोळे असतात, एक काळा करायचा.
आणि खरं सांगायचं तर मला अजून कळत नाही,
हा रस्ता आहे की रस्त्याकडेचा दगड, टेकायला.
की चौथ्यांदा पडायची भीतीच
पदव्युत्तर कपडे घालून आलीय.

पावणेबारा. जेटीचं टोक. दोन दांड्या रेंज.
पहिला हप्ता सहा हजार दोनशे,
खात्यात सात हजार चाळीस.
ओटीपी आलाय, दहा मिनिटं चालेल.
खाली अंधारात कुणाची तरी होडी सुरू होत नाहीये.
दोरी ओढतात, खोकते, थांबते.
परत ओढतात.
मोबाइल मांडीवर उपडा ठेवून
मी मोजतेय, कितव्या ओढीला लागते ते.

पाचवी.
सहावी.